आयपॉड व्हिडिओ आणि रॉकबॉक्स : सव्वासहा तासांचे साडेचौदा

पुण्याहून सांगलीला येताना कराडच्या अलीकडे माझा आयपॉड बंद पडला. रात्रभर चार्जिंगला लावून पूर्ण भरून घेतला होता. स्वारगेटला गाडीत बसल्या बसल्या हेडफोन कानाला लावले आणि चार तास व्हायच्या आत पडदा काळा. बाईंचा बागेश्री चालला होता, विलंबित संपून द्रुत सुरू व्हायची होती. उरलेला रस्ता उसाचे फड बघत काढला.

बाई म्हणजे माझ्या गुरू. १९९१ ते १९९९ मी त्यांच्याकडे शिकले. त्या शिकवायच्या तेव्हा टेपरेकॉर्डर चालू ठेवायची परवानगी होती, त्यामुळे माझ्याकडे तालमीच्या ६३ कॅसेट आहेत. बहुतेक नव्वद मिनिटांच्या, काही साठच्या. बाई आता नाहीत. माझ्या भाच्याने त्या सगळ्या कॅसेट दोन सुट्ट्यांत लॅपटॉपवर उतरवून दिल्या, तेव्हापासून त्या कशावर ऐकायच्या हा माझ्यापुढचा प्रश्न होता. फोनवर ऐकता येतं, असं सगळे सांगतात. पण रियाजाच्या खोलीत मला फोन नको. तंबोरा लागलेला असतो, खर्ज भरत आलेला असतो आणि एखाद्या मुलीच्या आईचा क्लासच्या वेळेबद्दल फोन येतो. मला एकच काम करणारं यंत्र हवं होतं.

म्हणून २०२२ मध्ये पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून मी हा आयपॉड घेतला. २००६ च्या सप्टेंबरात आलेला, पाचव्या पिढीची सुधारित आवृत्ती, ३० जीबीचा. आत १.८ इंचाची फिरती हार्ड डिस्क. कंपनीने त्या वेळी सांगितलेला आकडा होता संगीतासाठी १४ तास. माझा चारही तास चालत नव्हता. यंत्र इतकं जुनं, बॅटरी थकलेलीच असणार, हे उघड होतं. सांगलीतल्या एका मुलाने झाकण अलगद उघडून नवी बॅटरी घालून दिली. तेवढ्याने हे चार तास जास्तीत जास्त सव्वासहा झाले. नवी कोरी बॅटरी आणि तरी सव्वासहा. तेव्हा मी बॅटरीला दोष देणं थांबवलं आणि यंत्राला मी काय काय करायला लावते आहे ते बघायला लागले.

हा लेख त्याबद्दल आहे. जुना आयपॉड कपाटात पडून असलेल्या, लांबलचक रेकॉर्डिंग ऐकणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

आधी रॉकबॉक्सबद्दल. आयपॉडच्या मूळ सॉफ्टवेअरच्या शेजारी बसवता येणारं हे एक मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. स्वीडनमध्ये ब्यॉर्न स्टेनबर्ग आणि त्याच्या सोबत्यांनी २००१ च्या अखेरीस आर्कोस नावाच्या कंपनीच्या प्लेअरसाठी ते सुरू केलं, आणि पुढे स्वयंसेवकांनी ते कितीतरी प्लेअरवर नेलं. मूळ सॉफ्टवेअर पुसलं जात नाही. यंत्र सुरू केल्या केल्या लगेच होल्डचं बटण सरकवलं की जुनंच रूप समोर येतं. एकच अट आहे : आयपॉड विंडोजच्या पद्धतीने, म्हणजे फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. मॅकवर तयार केलेला असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागतो. बसवण्याचं काम त्यांचाच एक छोटा प्रोग्राम करतो. मला पाऊण तास लागला, तोही प्रत्येक ओळ दोनदा वाचत गेले म्हणून.

मी रॉकबॉक्सकडे वळले ते बॅटरीसाठी नाही, वेगासाठी. बाईंच्या ताना मला सावकाश ऐकायच्या होत्या. मूळ सॉफ्टवेअरमध्ये वेग कमी-जास्त करायची सोय आहे, पण ती फक्त ऑडिओबुकसाठी. रॉकबॉक्समध्ये टाइमस्ट्रेच नावाचं सेटिंग आहे. त्याने सूर जागचा हलत नाही, काळी चारची पट्टी काळी चारच राहते आणि तान मात्र संथ होते. ते मिळालं आणि त्यासोबत शंभर सेटिंगांचा डोंगरही मिळाला. त्यातली निम्मी मी कुतूहलाने चालू करून ठेवली. पडदा सतत उजळ. आवाजाच्या पातळीचे नाचते पट्टे. इक्वलायझर, कॅसेटची खरखर दाबायला. आणि फायली सगळ्या वेव्ह, म्हणजे न आटवलेल्या, मोठ्या, कारण भाच्याने तशाच उतरवल्या होत्या आणि मला वाटलं, बाईंच्या आवाजाला हात लावायचा नाही.

नेमकं काय किती खातं हे अंदाजाने कळत नाही, मोजावं लागतं. रॉकबॉक्समध्ये बॅटरी बेंच नावाची एक सोय त्यासाठीच दिली आहे. ती चालू करून गाणी लावून द्यायची आणि यंत्राला हात लावायचा नाही. ती दर मिनिटाला वेळ, बॅटरीची पातळी आणि व्होल्टेज टिपत राहते, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत. मग ती फाइल संगणकावर उघडून वाचायची. मी प्लेअर स्वयंपाकघरातल्या फळीवर, हेडफोन जोडून, एकाच आवाजावर ठेवून द्यायची आणि क्लास घ्यायला बसायची. एका मोजणीला चार्जिंग धरून जवळजवळ दोन दिवस जायचे. पावसाळ्यातला एक अख्खा महिना त्यात गेला आणि त्या महिन्याने मला जे शिकवलं ते कुठल्याही डब्यावर छापलेलं नसतं.

पहिली मोजणी, सगळं माझ्या सवयीप्रमाणे चालू ठेवून : ६ तास २० मिनिटं.

दुसऱ्या वेळी फक्त पडदा बदलला. मागचा दिवा दहा सेकंदांत विझावा, नाचते पट्टे नसलेलं साधं रूप, आणि दिवा विझल्यावर पडदाही झोपावा. हे शेवटचं सेटिंग वेगळं आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. या आयपॉडचा पडदा दिवा विझला तरी उन्हात वाचता येतो, म्हणजे तो चालूच असतो. त्याला चित्र पुरवायला आत ब्रॉडकॉमची एक स्वतंत्र चिप आहे, मुळात व्हिडिओ दाखवण्यासाठी घातलेली. आपण नुसतं गाणं ऐकत असतो आणि ती चिप एका स्थिर चित्रासाठी जागी असते. एलसीडीच्या सेटिंगांमध्ये दिवा विझल्यानंतर झोप, असा पर्याय आहे. तो लावला की पडदा पूर्ण काळा होतो आणि ती चिपही विश्रांती घेते. आकडा आला ९ तास ५० मिनिटं. साडेतीन तास नुसत्या न बघितलेल्या पडद्यावर जात होते.

तिसरी मोजणी फायलींची. सगळ्यात जास्त विचार मी इथेच केला आणि ख्याल ऐकणाऱ्यांसाठी खरी मेख इथेच आहे.

फिरत्या डिस्कचा प्लेअर डिस्क सतत फिरवत नाही. तो एकदम बरंच गाणं स्मृतीत भरून घेतो, डिस्क थांबवतो आणि स्मृतीतून वाजवत राहतो. साठा संपत आला की डिस्क पुन्हा उठते. हे उठणंच महाग. थांबलेली तबकडी पुन्हा वेगात आणायला जी ओढ लागते ती बॅटरीतून जाते. माझ्या ३० जीबीच्या यंत्रात स्मृती ३२ एमबी आहे, ८० जीबीवाल्यात ६४. त्यातली २८ एमबीच्या आसपास गाण्याला मिळते असं धरून मी वहीत हिशेब मांडला. वेव्ह फाइल मिनिटाला साडेदहा एमबीहून जास्त खाते. म्हणजे साठा अडीच-पावणेतीन मिनिटांत संपला. विलंबित एकतालाची दोन-तीन आवर्तनं होईतो डिस्क पुन्हा जागी. पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूला सतरा-अठरा वेळा.

हा हिशेब मी कानाने पडताळला. रात्री सगळं शांत झाल्यावर प्लेअर उशीवर ठेवून कान लावला की डिस्क उठताना एक बारीक टिक आणि मग घुमारा ऐकू येतो. घड्याळ समोर ठेवून मोजलं. अडीच मिनिटं आणि वर थोडे सेकंद, दर वेळी.

मूळ सॉफ्टवेअरही याला अपवाद नव्हतं. आयपॉड बनवणाऱ्या कंपनीच्याच बॅटरीविषयक सूचनांत त्या काळी लिहिलेलं असे की फाइल ९ एमबीपर्यंत असावी, त्याहून मोठ्या फायलींनी डिस्क जास्त फिरते. चार मिनिटांच्या गाण्याला ते पुरतं. आपल्याकडे नुसती आलापी तेवढ्यात उरकत नाही.

मग मी फायलींच्या प्रती केल्या. मूळ वेव्हवरून फ्लॅक करून ते घरच्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर जपून ठेवले. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही हरवत नाही, ती माझी तिजोरी. प्लेअरसाठी एमपीथ्री, १२८ केबीपीएस, मोनो. कॅसेट एकाच माइकवर घेतलेल्या, त्यात डावं-उजवं नव्हतंच. ६४ वरही करून बघितलं, पण तिथे तंबोऱ्याची जवारी विस्कटते, तारेभोवतीचं ते तेज धुरकट होतं. १२८ मोनोला मला फरक ऐकू आला नाही आणि मी डोळे मिटून, भाच्याला आलटून पालटून लावायला सांगून, तीन संध्याकाळी ऐकलं. आता २८ एमबीत अर्ध्या तासाच्या आसपास गाणं मावतं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू जवळजवळ एका दमात. शिवाय वेव्ह असताना तीस जीबीत जेमतेम निम्म्या कॅसेट बसत होत्या. आता सगळे नव्वद तास सहा जीबीच्याही आत मावतात.

त्यासोबत इक्वलायझर बंद केला. तो सॉफ्टवेअरमधला असतो, प्रत्येक सुराच्या प्रत्येक नमुन्यावर गणित करतो. या आयपॉडमध्ये साधा बास आणि ट्रेबल मात्र आवाजाच्या चिपमध्येच, यंत्राच्या अंगातच होतो, त्याचा प्रोसेसरवर भार पडत नाही. खरखर दाबायला ट्रेबल थोडा उतरवला, काम झालं. आकडा आला १४ तास ३५ मिनिटं.

तो वाचला तेव्हा मी क्लासमधल्या मुलींना थांबवून सांगितलं. त्यांनाही आनंद झाला, का ते पुरतं कळलं नसलं तरी.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मी स्वतः त्यात घोटाळा केला होता. फाइल लहान केली की बॅटरी वाचते, हे अर्धंच खरं आहे. डिस्क आणि प्रोसेसर ही दोन वेगळी खाती आहेत. फ्लॅक उलगडायला प्रोसेसरला फारच सोपं जातं, पण फाइल मोठी म्हणून डिस्क धावते. उलट एएसी हा फायलीचा प्रकार, त्यातही त्याचा एचई नावाचा प्रकार, फाइल अगदी चिमुकली करतो पण उलगडताना प्रोसेसरला कामाला जुंपतो. या आयपॉडमधला प्रोसेसर रॉकबॉक्सखाली निवांत असताना ३० मेगाहर्ट्झवर चालतो आणि काम वाढलं की ८० वर उडी घेतो. तो जितका वेळ ८० वर, तितकी बॅटरी लवकर उतरते. म्हणून सगळ्यात लहान फाइल शोधत बसू नये, सोपी आणि बऱ्यापैकी लहान अशी घ्यावी. ज्यांनी डिस्क काढून मेमरी कार्ड बसवलं आहे, त्यांच्यासाठी डिस्कचं खातं जवळजवळ मिटतं, मग त्यांनी खुशाल फ्लॅक ऐकावं.

डिस्क थांबण्याचा अवधी हेही एक सेटिंग आहे. मुळात ते पाच सेकंद असतं. मी ते मध्यंतरी साठ केलं होतं, वारंवार थांबणं-उठणं डिस्कला बरं नाही असं वाटून. त्याने दर वाचनानंतर डिस्क मिनिटभर उगाच फिरत राहायची. परत पाचवर आणलं. फोल्डरांची यादी स्मृतीत ठेवणारी डिरेक्टरी कॅश मात्र चालू ठेवली, नाहीतर राग शोधताना प्रत्येक फोल्डरला डिस्क उठते. आणि सारखं पुढच्या फायलीवर उड्या मारणंही टाळते. साठवलेलं सगळं फेकून नवं भरावं लागतं.

बॅटरीची क्षमता सांगणारंही एक सेटिंग आहे. ३० जीबीच्या यंत्राला मुळात ४०० एमएएच धरलेले असतात. नव्या बॅटरीवर वेगळा आकडा असेल तर तिथे तो घालावा, पण त्याने फक्त पडद्यावरचा अंदाज सुधारतो, मिनिटभरही आयुष्य वाढत नाही. मी तिथे मोठा आकडा टाकून दोन दिवस खुशीत होते.

आता टाइमस्ट्रेच. चौथी मोजणी सगळं तिसरीसारखंच ठेवून, फक्त वेग ७५ टक्के : १० तास १० मिनिटं. म्हणजे जवळजवळ साडेचार तासांची किंमत. रॉकबॉक्सच्या माहितीपत्रकात ही सोय मुख्यतः बोलण्यासाठी आहे, गुंतागुंतीच्या संगीताचा आनंद तिने कमी होऊ शकतो, असं स्पष्ट लिहिलं आहे. ते खरं आहे. तबल्याचा ठेका ७५ वर ओला आणि दुहेरी ऐकू येतो. तंबोरा किंचित थरथरतो. ऐकण्यासाठी म्हणून मी त्या वेगावर कधीच लावणार नाही.

पण शिकण्यासाठी ही साडेचार तासांची किंमत मी रोज देईन. बागेश्रीतली बाईंची एक उतरती तान मी जवळपास पंचवीस वर्षं गाते आहे. १९९६ च्या कॅसेटमध्ये ती आहे. मी ती धैवतावरून मध्यमावर आणि तिथून कोमल गंधारावर अशी घेत आले, माझ्या मुलींनाही तशीच दिली. ७५ वर लावली तेव्हा मध्यमानंतर काहीतरी चमकून गेलं. ७० वर आणली. पंचम होता. म प ध ग, बागेश्रीतला तो वाकडा, चोरटा पंचम. बाईंनी तो त्या वेगातही सोडला नव्हता, फक्त इतका हलका ठेवला होता की समोर बसून मला कळला नव्हता. मी प्लेअर बंद केला आणि बराच वेळ तंबोऱ्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मुलींना तान बदलून दिली.

म्हणून माझी सोय अशी आहे. प्रवासात आणि नुसतं ऐकताना वेग शंभर टक्के, पडदा झोपलेला. रियाजाला बसले की चार्जिंगची वायर जोडून ठेवते आणि मग टाइमस्ट्रेच खुशाल वापरते. रात्री ऐकत झोपायची सवय आहे, त्यासाठी स्लीप टायमर ४५ मिनिटांचा. आधी रात्रभर प्लेअर वाजत राहायचा आणि सकाळी रिकामा सापडायचा. काही न वाजवता पडून राहिला तर आपोआप बंद होण्याचा अवधी पाच मिनिटांवर आणला आहे.

कुणी विचारलं की २००६ चं यंत्र आज घ्यावं का, तर गाणं शिकणाऱ्याला मी हो म्हणेन, दोन अटींवर. बॅटरी नवी घालून घ्यावी आणि मिळालं तर ३० ऐवजी ८० जीबीचं बघावं. थोडं जाड आहे, पण त्यातली बॅटरीही मोठी, कंपनीचा आकडा २० तासांचा, आणि दुप्पट स्मृतीमुळे डिस्कला दुप्पट विश्रांती. तीस पिनांची जुनी वायर एक जादाची घेऊन ठेवा, ती आता प्रत्येक दुकानात मिळत नाही. मूळ सॉफ्टवेअरच ठेवणार असाल तर इक्वलायझर बंद करा आणि संगणकावरच्या आयट्यून्समध्ये एखाद्या गाण्याला वेगळा इक्वलायझर दिलेला नाही ना तेही बघा, कारण तो आयपॉडवरही सोबत येतो.

गेल्या शनिवारी पुन्हा पुण्याहून आले. स्वारगेटला बागेश्रीच लावला. कराड गेलं, इस्लामपूर फाटा गेला. सांगलीच्या स्टँडवर उतरताना पडदा जागा करून पाहिला, ६१ टक्के शिल्लक होते. त्याच रात्री बिहागच्या दोन कॅसेट उरल्या होत्या त्या एमपीथ्री करायला लावल्या.